बारा लड्यांची टोपी

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

नमस्कार, साष्टांग, वाकून, तुला यातलं जे शोभेल ते. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तूही तिकडे डोंगराच्या पोटात बरा असशील असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रावरून काही कळत नाही. अकरा ओळी लिहिल्यास. चार थंडीवर, तीन जेवणावर, एक मोजणीच्या यंत्राच्या तुटलेल्या पायावर. बोगद्यात फोन लागत नाही म्हणून पत्रं लिहायची वेळ आली, ठीक आहे, पण मग पत्रासारखं तरी लिही की रे.

कामाच्या ओळी तीनच. मार्चअखेर पंधरा दिवस सुट्टी मिळतेय. "बहुतेक येईन." आल्यावर आधी आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळात शिरायचंय, तर नावेसाठी किती पत राहिलीय आणि ती झटपट कशी मिळवायची ते लिहून ठेव.

तुझ्या अक्षरातला "बहुतेक" मी याआधी दोनदा वाचलाय. असो.

तर घे लिहून. तू गेलास तेव्हा नावाड्यांच्या लेखी आपलं घर "पाहुणे" होतं. आठवतंय ना, अनोळखी, ओळखीचे, पाहुणे, सोयरे, घरचे? सोयरे मी मागच्या वर्षी केलं. सोयरेपासून घरचे व्हायला नऊ हजार पत लागते, आणि घरचे झालं की धक्क्यावरची ती नावाडीण आपल्याला स्वतःची नाव देते. तीन माणसं बसतात तिच्यात.

आता तिला काय काय द्यायचं ते. एक लव्हाळा दिला की एक पत, राळेच्या गोळ्याला दोन, सुतळीच्या लडीला तीन. तू नेहमी लव्हाळ्यांच्या मागे लागायचास, का तर ते धक्क्याच्या जवळ उगवतात. चूक. जवळ असतं ते स्वस्त असतं, म्हणून सगळे तेच कापतात आणि तुझ्या वाट्याला खुंट येतात. राळ बरी पडते, पण झाडाला खाच पाडून थांबावं लागतं, आणि थांबणं तुझ्या रक्तात नाही. तेव्हा सुतळी. म्हणजे तागाचं शेत.

शेतात शिरायचं ते उत्तरेच्या बांधावरून. डावीकडून सुरुवात करायची आणि कडेकडेने गोल जायचं, मधे घुसायचं नाही. ज्या क्रमाने कापलं त्याच क्रमाने ताग पुन्हा उगवतो, त्यामुळे फेरी पूर्ण होते तेव्हा पहिली रोपं तयार असतात. मधे घुसलास की सगळं अर्धवट वाढलेलं मिळतं आणि शिव्या घालत बसतोस. रानडुकराशी भांडायचं नाही. तो चिंचेखाली असेल तर तिकडचा कोपरा सोडून द्यायचा, चार रोपांसाठी जीव जातो आणि जीव गेला की पिशवी सांडते. पिशवी भरली की धक्क्यापर्यंत धावायचं नाही. बांधावरच आपली सामायिक पेटी उघडायची आणि टाकायचं त्यात. धक्क्यावर तीच पेटी उघडते. हे तुला दोन वर्षांत सुचलं नव्हतं, मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

सुचणारच म्हणा. गोदामात दिवसभर दुसरं काय करते मी? हातातलं यंत्र सांगतं, अमुक फळी, तमुक खण, आणि मी ट्रॉली घेऊन अशी फिरते की एका गल्लीत दोनदा पाऊल पडत नाही. आमचा सुपरवायझर परवा म्हणाला, "ही पोरगी वेळ वाचवते की बूट?" मी म्हटलं, "बूट. वेळ तुमचा आहे, बूट माझे आहेत." पूर्ण पाळी हसली. तो सोडून.

असं केलंस तर तासाला साठ लड्या पडतात. साठच्या वर कुणी गेलेलं मी तरी बघितलं नाही.

आता खरी बातमी. हे सगळं वाचायची तुला गरजच नाही. नाव मिळाली! पत घराच्या नावावर जमते, त्यामुळे तूही आता "घरचा". गेल्या शनिवार-रविवारी तीन हजारच्या तीन हजार लड्या जमवून एकदम दिल्या. निळी आहे, पुढे कंदील आहे, वल्ह्याचा आवाज असा येतो की बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, नळ कुणी सोडला. तू आलास की धक्क्यावर उभी दिसेल, असं मनात होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

आत्ता मागे उभे राहून काहीतरी सांगतायत, तू आल्यावर पेटीचं काय करायचं त्याबद्दल. ते पुढच्या पत्रात लिहीन. तुमच्याकडे पत्रं नेणारा ट्रक सुटायची वेळ झालीय.

तुझी,
खार

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे. पत्र मिळालं. या वेळी नऊच ओळी, पण एकीखाली दोन रेघा ओढल्यास.

"तीन हजार लड्या दोन दिवसांत? तासाला साठ म्हणजे पन्नास तास. तू जेवतेस, झोपतेस, कामाला जातेस. हिशोब जमत नाही."

मोजणीवाल्याला गंडवायला जाऊ नये हेच खरं. आख्खा डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरून मधे बोटभरही फरक येऊ देत नाहीत असली माणसं तुम्ही.

बरं. मी शेतात गेलेच नाही. म्हणजे पहिले काही आठवडे गेले, मागच्या पत्रात लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण शेवटच्या तीन हजार लड्या शेतातल्या नाहीत. त्या टोप्यांच्या आहेत.

कुठल्या टोप्या, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल, आणि मागे गेलं की तू पान उलटतोस. उलटू नकोस. थोडंसंच आहे.

बाबा खेळतात.

वाच पुन्हा. हो, आपले बाबा. "दोघं भावंडं मिळून गवत कापतायत, तेही खोटं" म्हणणारे. झालं असं की झटक्याने उजवा हात गेला, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर व्यायामवाल्या बाई यायच्या. त्यांनी चेंडू दिला दाबायला, बाबांनी तो खिडकीबाहेर टाकला. डाव्या हाताने. मग म्हणाल्या, यांना आवडतं असं काहीतरी द्या, बोटांचं काम. मी रंगाचा ब्रश पुढे केला. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी तो परत खणात ठेवला आणि खण लावून घेतला. चाळीस वर्षं आख्ख्या गावाचे बोर्ड रंगवले या माणसाने. अजूनही रस्त्यावर "पेंटर" म्हटलं की हेच वळून बघतात. तो हात ब्रश धरून थरथरताना कुणी बघावा हे त्यांना नको होतं. मीसुद्धा नको.

म्हणून मी खेळ लावून दिला. त्यात कुणाला दिसतो हात? त्यांनी शिंप्याचं काम घेतलं. शिंप्याला पहिल्यांदा येते ती सुतळीची टोपी, सगळ्यात फालतू वस्तू, घातली तर नावाडीण तोंड फिरवते. बाबांना तीच आवडली. बारा लड्यांची एक टोपी. रोज सकाळी मी कामाला निघाले की ते शेतात जायचे, उजव्या हाताच्या बोटांनी एकेक रोप कापायचे. बारा लड्या व्हायला सुरुवातीला दुपार व्हायची. मग टोपी, वीसेक साठल्या की पेटीत. रोज एक. मी संध्याकाळी आले की विचारायचे, झाली का? तर म्हणायचे, "झाली. उद्याची राहिलीय."

मी म्हणायची, बाबा, आता पुढचं शिका, सदरा येतो, झगा येतो. तर म्हणे, "मला टोपीचं गिऱ्हाईक आहे."

मला वाटलं गंमत करतायत.

तीनशे चाळीस झाल्या. मला नाव हवी होती, म्हणजे तुला हवी होती म्हणून मला हवी होती, आणि तू येणार होतास "बहुतेक". पेटी उघडली की टोप्याच टोप्या. मोडणीच्या बाकड्यावर एक टोपी मोडली की नऊ लड्या मिळतात. बाराच्या नऊ होतात, तीन कुठे जातात कुणास ठाऊक. तीनशे चाळीस गुणिले नऊ, तूच कर. साठ उरतात वर.

बाबांना विचारलं नाही. त्या शनिवारी ते व्यायामाला गेले होते तेव्हा उरकलं.

तूच शिकवलं होतंस ना, पेटीत कचरा ठेवायचा नाही? सगळ्यात झटपट गोळा करायचं असेल तर आधी घरात काय पडलंय ते बघायचं. तर पडलेलं होतं ते वापरलं. यात वाईट काय झालं?

लिही मात्र. नावेबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

खार

३ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार.

तुझं पत्र आलं. या वेळी पानभर लिहिलंस. मी ते गोदामात जेवणाच्या सुट्टीत वाचलं, आणि मग दुपारभर तीन वेळा चुकीच्या गल्लीत गेले. सुपरवायझरने विचारलं, "आज बूट झिजवायचे ठरवलेत का?" मी नुसतं "हो" म्हटलं. तोच घाबरला.

तू लिहिलंस, टोप्या मोडल्यास ते बरंच केलंस, कचराच तो. लिहिलंस, बाबा खेळतात हे वाचून आधी हसलो, मग हसू गेलं. आणि शेवटी लिहिलंस, नाव आता मिळालीच आहे तर यायची घाई नाही. पुढच्या सुट्टीला बघू. "मी समोर आलो की त्यांना पुन्हा काही व्हायला नको. एकदा झालं तेवढं पुरे."

हे तू पहिल्यांदा लिहिलंस. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं तू रागावून येत नाहीस.

म्हणून हे पत्र. याच्याआधी तीन वेळा लिहून फाडलं. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तू वाचल्यावर माझ्याशी बोललास नाहीस तरी मी समजू शकते, पण तू त्या समजुतीत तिकडे बसून राहायला नकोस.

टोप्या कचरा नव्हत्या, दादा. टोप्यांवर लिहिलेलं होतं.

तुला माहीत आहे, आपण केलेल्या वस्तूवर ओळभर काहीतरी लिहिता येतं. आपण कधीच लिहिलं नाही, वेळ जातो म्हणून. तू एकदा कुऱ्हाडीवर "हात लावू नये" लिहिलं होतंस, तेवढंच. बाबांनी प्रत्येक टोपीवर लिहिलं होतं. मी त्यांना बघायची ना, टोपी झाल्यावरही अर्धा-पाऊण तास उजव्या हाताचं एक बोट घेऊन बसलेले असायचे. मला वाटायचं, बटण सापडत नसेल. ते लिहीत होते. एकेक अक्षर शोधून.

आणि ज्या वस्तूवर लिहिलेलं असतं ती बाकड्यावर सरसकट मोडता येत नाही. खेळ विचारतो. ती ओळ समोर दाखवतो आणि खाली विचारतो, "यावर कुणीतरी काहीतरी लिहिलं आहे. तरीही मोडायची?" मग आपण हो म्हणायचं.

तीनशे चाळीस वेळा विचारलं त्याने मला.

सुरुवातीला खरंच वाचलं नाही. हाताला लय लागली होती. गोदामात लागते तशी, खण, डबा, ट्रॉली, खण, डबा, ट्रॉली. टोपी, हो, नऊ. टोपी, हो, नऊ. तीस-चाळीस गेल्यावर डोळा अडकला. लिहिलं होतं, "आज चमचा पडला नाही." मला हसू आलं. पुढची, "खार ओरडली. बरोबर होतं तिचं." पुढची, "तुझी सायकल कुणाला दिली नाही."

तेव्हा कळलं, हे तुला आहे.

टोपीचं गिऱ्हाईक तू. तू आलास की आधी खेळात शिरणार आणि पेटी उघडणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पहिल्या पत्रात मागे उभे राहून ते हेच सांगत होते. "आला की आधी पेटी उघड म्हणावं. घाई करू नको म्हणावं, एकेक बघ." पेटी तेव्हा दोन दिवस रिकामी होती. मी तुला लिहिलं, ट्रक सुटतोय. ट्रक दुसऱ्या दिवशी सुटायचा होता.

इथे थांबता आलं असतं. तीनशे उरल्या होत्या. तू म्हणशील, कळल्यावर थांबली असशील ना?

नाही थांबले.

का, ते लिहायचा प्रयत्न करते. दीड वर्षं मी त्यांना आंघोळ घातली. बटणं लावली. बोटं एकेक करून सरळ केली, रोज सकाळी वीस वेळा, ते शिव्या घालत असताना. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, मला आठवत नाही माझी वेणी कोण घालायचं, पण त्यांचा भांग मी पाडते. आणि त्या माणसाने रोज अर्धा तास बसून, ज्या बोटाने घास उचलत नव्हता त्या बोटाने, तुला लिहिलं. जो एक ओळ विचारत नाही त्याला. मी वाचत गेले. वाचत गेले आणि हो म्हणत गेले. मला वाटत होतं, एखादी तरी माझी निघेल. मी होते त्यात, नाही असं नाही. "खारीला सर्दी." "खारीने अंडं करपवलं." बातमीसारखी होते. माझ्याशी बोललेली एकही नव्हती. प्रत्येक टोपीला वाटायचं, पुढची असेल. म्हणून पुढची मोडायची. शेवटी शेवटी तर बटण इतकं जोरात दाबत होते की नख दुखलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तुला सांगितलं.

एक ओळ शब्दाला शब्द आठवते. मधली कुठलीतरी टोपी होती. तिच्यावर लिहिलं होतं:

"त्या दिवशी पडलो ते तुझ्यामुळे नव्हे."

आणि लगेच पुढच्या टोपीवर, म्हणजे दुसऱ्या दिवशी: "गोळ्या मीच बंद केल्या होत्या. तू असतानाच."

समजलं? तू बोर्ड छापायचं मशीन आणू म्हणालास, ते नाही म्हणाले, तू बोगद्यावर निघून गेलास आणि नवव्या दिवशी ते दुकानात शिडीवरून पडले, ही गोष्ट तू दोन वर्षं स्वतःला एकाच क्रमाने सांगतोयस. क्रम चुकलाय. रक्तदाबाच्या गोळ्या आधी बंद झाल्या होत्या. भांडण नंतर. तुझ्यासारख्या मोजणीवाल्याने सुरुवातीची खूणच चुकीच्या जागी ठोकली, मग पुढचा सगळा बोगदा तिरका जाणारच.

बाबांना कळलं ते आठ दिवसांमागच्या रविवारी. तीनशे चाळीसनंतरच्या टोप्या ते आपल्याच पिशवीत ठेवत होते, वीसेक साठल्यावर पेटीत टाकायला गेले. मी स्वयंपाकघरात होते.

"खारे, पेटी रिकामी कशी?"

मी ओल्या हाताने बाहेर आले. "मोडल्या मी."

"सगळ्या?"

"हं."

त्यांनी पेटी बंद करून पुन्हा उघडली. मग म्हणाले, "त्यातून नाव आली होय. मी म्हणतोय, ही पोर एवढं कधी खेळली."

रडायला लागले असेन, कारण त्यांनी टॉवेल पुढे केला. उजव्या हाताने.

"वाचल्यास का?"

"हो."

"चुका होत्या का काही?"

दादा, मी शपथेवर सांगते, हेच विचारलं त्यांनी. चाळीस वर्षं लोकांच्या पाट्या रंगवलेला माणूस. मी म्हटलं, "एकही नव्हती." त्यांना बरं वाटलं. मला ते दिसलं आणि आणखीच रडू आलं.

मग मी ते विचारलं, जे विचारायला नको होतं. "मला एकपण नव्हती, बाबा."

त्यांना खरंच नवल वाटलं. "तुला काय लिहायचं? तू समोर असतेस की!"

"समोर असलेल्यालापण लिहितात."

"असं होय," म्हणाले. चष्मा काढून पुसला. यावर त्यांनी विचार केला असावा, कारण सोमवारी मी कामावरून आले तर खेळात माझ्या पिशवीत, पेटीत नाही, माझ्या पिशवीत, एक सुतळीची टोपी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "ही मोडलीस तरी चालेल."

असा माणूस आहे. माफ करतानासुद्धा टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. मी ती घालून धक्क्यावर जाते. नावाडीण तोंड फिरवते, फिरवू दे.

मी त्यांना म्हटलं, आपण पुन्हा लिहू, तुम्ही सांगा, मी भराभर टाकते, दिवसाला पन्नास होतील. तर म्हणाले, "तुझं आपलं सगळं भराभर. त्या काय नगावर होत्या?" मला आठवल्या तेवढ्या ओळी मी कागदावर लिहून काढल्यात. सत्तेचाळीस झाल्या. या पत्रासोबत घातल्यात, वाच. जिथे शब्दाची खात्री नव्हती तिथे जागा कोरी सोडलीय. तीनशे चाळीसच्या सत्तेचाळीस. नऊ मिळतात आणि तीन जातात म्हणत होते ना मी? इथे त्याच्या कितीतरी उलटं झालंय.

बाबांना तो कागद दाखवला, म्हटलं, बाकीच्या तुम्ही सांगा. त्यांनी पूर्ण वाचला. एका जागी मी "वेलांटी" चुकवली होती ती दाखवली. मग म्हणाले, "बाकीचं तोंडाने सांगीन त्याला. तेवढ्यासाठी तरी येईल." आणि कागदाची घडी घालत, "येईल ना?"

मी म्हटलं, "बहुतेक."

ते म्हणाले, "पाकीट दे."

मी दिलं. म्हणाले, "खणाची किल्ली दे." मी ती पण दिली. मला म्हणाले बाहेर जा. मी बाहेर गेले, कपडे वाळत घातले, काढले, पुन्हा वाळत घातले. पाऊण तास. मधे एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला, मी दाराशी गेले तर आतून, "येऊ नको!"

तू पाकीट नेहमी दातांनी फाडतोस. हे फाडलं असशील तर तुकडे शोध, खाली पडले असतील, आणि जुळव. त्यावरचा पत्ता मी लिहिलेला नाही. "बोगदा" वाकडा आहे, तुझं नाव ओळीवरून खाली घसरलंय, आणि ती शाई नाही, रंग आहे, काळा, दुकानातला. मी म्हटलं होतं वरून नीट लिहून देते, ट्रकवाल्याला वाचता आलं नाही तर पत्र पोचायचं नाही. तर म्हणाले, "नाही पोचलं तर नाही पोचलं. मग कळेल अजून सराव हवा."

म्हणजे हे तू वाचतोयस, तर त्यांचं अक्षर लागतंय.

अक्षर लागतंय हे त्यांना अजून माहीत नाही. मी सांगणार नाही, आणि तूही पत्राने कळवू नकोस.

तुझी, आणि अजून घरची म्हणवून घेता येत असेल तर घरची,

खार